हातभर कागदात भिंत सांधूया

सोफा सरकवला आणि भिंतीचं खरं रूप दिसलं. एका जागी वॉलपेपरचा जोड उचकटलाय. शेजारी फुगा आलाय. खाली सोफ्याची पाठ घासून घासून एक खपली लोंबतेय. आणि फोटोचा जुना खिळा उपटताना तळहाताएवढा कागद पुट्टीच्या पोपड्यासकट हातात आलाय. माळ्यावरची गुंडाळी उतरवून उलगडली, तर आत उरलाय हातभर तुकडा.

पुरेल. या चार दुखण्यांपैकी तिघांना नवा कागद लागतच नाही, तो सगळा चौथ्यासाठी राखायचा. ब्लाउजपीस कमी पडला की शिंपी काय करतो ते आठवा: आधी माप, मग खडूची खूण, कात्री सगळ्यात शेवटी. आपणही तसंच करू. काम दोन दिवसांचं आहे, पण प्रत्यक्ष हात चालवायचे ते तीन-चार तासच. बाकीचा वेळ वाळण्याचा. क्रम मात्र मोडू नका.

हाताशी काय हवं

- उरलेला वॉलपेपर, आणि सापडलं तर त्याचं लेबल
- कटर आणि नवी पाती, चिमटा
- स्टीलची फूटपट्टी
- मास्किंग टेप (सेलोटेप किंवा खोक्याची खाकी टेप नको, ती कागदाचा रंग उचलते)
- वॉलपेपरची तयार पेस्ट किंवा पेस्टची पावडर
- अर्ध्या इंचाचा मऊ ब्रश
- मेडिकलच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज, जाड सुईची
- स्पंज, पाण्याची बादली, दोन-तीन सुती फडकी (जुना बनियन उत्तम)
- जोड दाबायचा छोटा रोलर; नसेल तर बाद झालेलं एटीएम कार्ड मऊ फडक्यात गुंडाळून
- वॉल पुट्टी, पुट्टी लावायची पट्टी, २२० नंबरचा पॉलिशपेपर, थोडा प्रायमर
- रंगीत पेन्सिली, साधी पेन्सिल, वर्तमानपत्र, जाड पुठ्ठा

मैद्याची खळ करायचा मोह होईल. नको. झुरळं आणि कसर त्या मेजवानीला हमखास येतात, आणि पावसाळ्यात बुरशीही.

पहिला दिवस, सकाळ: भिंत तपासा

१. सोफा भिंतीपासून दोन हात पुढे ओढा. अडचणीत हात घालून काम केलंत, तर कटर घसरणार हे नक्की.

२. जवळ स्विचबोर्ड असेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली करा. ओला स्पंज आणि वीज यांची गाठ पडू द्यायची नाही. दिवे बंद होतील, म्हणून काम दिवसाउजेडीच ठेवा.

३. जिथे कागद निघालाय तिथल्या उघड्या भिंतीवर तळहात ठेवा. गार, दमट लागली किंवा पांढरे क्षार फुललेले दिसले तर काम इथेच थांबवा.

४. शंका असेल तर त्या उघड्या जागेवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवून २४ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमलं, तर आत ओल आहे. आधी गळती शोधा आणि भिंत वाळू द्या. ओल्या भिंतीवर लावलेलं ठिगळ पुढच्या श्रावणापर्यंत टिकत नाही.

५. भिंत कोरडी असेल, तर सगळी जागा कोरड्या फडक्याने वरून खाली पुसा. ओलं फडकं आत्ता नको, धुळीचा चिखल होऊन कागदात मुरतो.

६. प्रत्येक दुखण्याशेजारी टेपचा कपटा लावून त्यावर आकडा लिहा: १ जोड, २ फुगा, ३ खपली, ४ भोक. टेप अलगद टेकवा, दाबू नका.

हातातला तुकडा वाचा

७. उरलेला तुकडा जमिनीवर नक्षी खाली करून पसरा आणि कडांवर पुस्तकं ठेवा. वर्षानुवर्षं गुंडाळलेला कागद लगेच सरळ होत नाही, तासभर द्या. उलटा गुंडाळून सरळ करायला जाऊ नका. चुणी पडली तर ती कायमची.

८. कागद पसरलेला आहे तोवर पाठीवर जागोजागी वरच्या दिशेने बाण काढा. साध्या, एकरंगी कागदालाही वर-खाली असतं. उलट लावलेला तुकडा खिडकीच्या उजेडात वेगळ्या रंगाचा दिसतो.

९. कडेची बोटभर चिंधी कापा आणि तिच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाका. चिंधी मऊ पडून वळली तर पाठ कागदी आहे. तशीच सपाट राहिली आणि ओढून सहज फाटत नसेल तर नॉन-वोव्हन. कोणती ते लिहून ठेवा, पेस्ट कुठे लावायची हे उद्या त्यावर ठरेल.

१०. दुसरा थेंब त्याच चिंधीच्या दर्शनी बाजूला टाका. थेंब मोत्यासारखा वरच राहिला तर वर व्हिनाइल आहे, कागद पुसायला घट्ट. शोषला गेला तर कागद नाजूक आहे आणि पुढे स्पंज फार जपून वापरायचा.

११. आता चौथ्या दुखण्यावर वर्तमानपत्र धरून भोकाचा आकार पेन्सिलीने उतरवून घ्या.

१२. त्या आकाराभोवती सगळीकडे दोन बोटं जास्त धरून वर्तमानपत्र कापा. हा तुमचा नमुना. खऱ्या कागदाला अजून पातं लावायचं नाही.

१३. उरलेला तुकडा भोकाजवळ धरून वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवत नक्षी जुळवा. बाजारातल्या बऱ्याच गुंडाळ्यांची रुंदी ५३ सेंटिमीटर असते, पण नक्षी कधी ३२ सेंटिमीटरनंतर पुन्हा येते, तर कधी थेट ६४ नंतर. म्हणजे हातभर तुकड्यात तुम्हाला हवं ते नेमकं पान किंवा फूल नसूही शकतं. ते आत्ताच कळलेलं बरं.

१४. नक्षी सापडली तर तिच्यावर वर्तमानपत्राचा नमुना ठेवून कडेने पेन्सिलीच्या हलक्या खुणा करा. नमुना असा बसवा की उरलेला कागद एकसंध राहील. मधोमध घास घेतला की चारही बाजूंच्या चिंध्या वाया.

१५. नक्षी नाहीच सापडली तर भिंतीकडूनच कर्ज काढा. सोफ्यामागे, कपाटाच्या आड, पेल्मेटच्या वर, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे तीच नक्षी शोधा आणि नमुन्याएवढा तुकडा कापून काढा. नॉन-वोव्हन कागद बहुधा कोरडाच सोलून निघतो. कागदी पाठ असेल तर कोमट पाण्याचा स्पंज दहा मिनिटं टेकवून मग अलगद सोला. व्हिनाइलचं वरचं कातडं एकटंच हातात येत असेल तर ओढू नका, कोपऱ्यातून अजून पाणी मुरू द्या. तुकड्याच्या पाठीची जुनी पेस्ट पुसून तो पुस्तकाखाली वाळवा. कर्ज काढलेल्या जागी उरलेल्या कागदाचं ठिगळ लावा, तिथे नक्षी चुकली तरी चालते.

१६. निवडलेला तुकडा दिवसाच्या उजेडात भिंतीवर धरून दोन पावलं मागे या आणि रंग ताडून बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी दगा देतो.

१७. तुकडा जास्तच उजळ दिसला तर काम आठवडाभर पुढे ढकला आणि आधी बोटभर चिंधी खिडकीच्या उन्हात ठेवा, अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून. रोज एकदा भिंतीशी ताडा. उघडी बाजू भिंतीसारखी दिसायला लागली की मगच मोठा तुकडा तेवढेच दिवस उन्हात ठेवा. थेट मोठा तुकडा उन्हात टाकून विसरलात, तर तो भिंतीहून फिका होईल आणि परतीचा रस्ता नाही.

आधी भोक भरा, मग बाकीचं

पुट्टी वाळायला रात्र लागते, म्हणून शेवटच्या दुखण्याची सुरुवात सगळ्यात आधी.

१८. भोकातला सुटा चुरा आणि पोपडे ब्रशने झाडून काढा. हलणारा पोपडा ठेवलात, तर उद्या तो ठिगळासकट खाली येईल.

१९. भोक पाण्याने किंचित ओलं करा. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी पिऊन टाकते आणि वर भेगा पडतात.

२०. पुट्टी पट्टीने दाबून भरा आणि भिंतीच्या पातळीला आणा. कागदाच्या पातळीला नव्हे. उंचवटा राहिला की ठिगळ पोटुशी दिसतं.

२१. आजूबाजूच्या चांगल्या कागदावर सांडलेली पुट्टी लगेच ओल्या फडक्याने टिपा. वाळली की खरवडावी लागते आणि कागद जातो.

२२. भोक उद्यापर्यंत विसरा.

पेस्ट कालवा

२३. तयार पेस्ट असेल तर थेट पायरी २६ वर या. पावडर असेल तर पाकिटावर सांगितलंय तेवढं थंड पाणी बादलीत घ्या. पाणी आधी, पावडर नंतर. उलट केलंत तर गुठळ्या.

२४. पाणी ढवळता ढवळता पावडर भुरभुरा.

२५. पाकिटावर सांगितलाय तेवढा वेळ झाकून ठेवा, मग पुन्हा ढवळा. घट्टसर पेजेसारखी झाली की झाली. श्रीखंडासारखी घट्ट असेल तर कागदाखाली गाठी दिसतील.

२६. दोन चमचे पेस्ट वाटीत काढून थोडं पाणी घालून पातळ करा. ही सिरिंजसाठी. मूळ पेस्ट पातळ करू नका.

दुखणं पहिलं: उचकटलेला जोड

२७. जोडाची सुटलेली कड बोटाने फक्त हवी तेवढीच मागे करा. जिथे चिकटलेली आहे तिथून ओढू नका, दुखणं हातभर वाढेल.

२८. आतली धूळ आणि वाळलेली पेस्ट कोरड्या ब्रशने झाडा. एक कण राहिला तरी वरून रव्यासारखा टोचतो.

२९. कड कडक झाली असेल तर ओलसर स्पंज तिच्या पाठीला दोन मिनिटं टेकवा. कडक कड दुमडली की तुटते.

३०. ब्रशने आत पातळ थर पेस्ट लावा. बाहेर ओघळेल इतकी नको.

३१. पाच मिनिटं थांबा. ओली पेस्ट घसरते, जराशी चिकट झाली की धरते.

३२. कड जागेवर बसवून रोलर वरून खाली हलक्या हाताने फिरवा. उठावाचा कागद असेल तर रोलर बाजूला ठेवा आणि स्पंजने दाबा, नाहीतर नक्षी चपटी होते.

३३. बाहेर आलेली पेस्ट ओलसर स्पंजने लगेच टिपून घ्या. घासू नका. वाळलेल्या पेस्टची चकाकी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात गोगलगायीच्या वाटेसारखी दिसते.

दुखणं दुसरं: फुगा

३४. फुग्यावर बोट फिरवून बघा. आत मऊ असेल तर हवा आहे, टणक लागलं तर खडा आहे.

३५. कटरचं टोक मोडून नवं काढा.

३६. नक्षीतल्या एखाद्या रेषेवरून, पानाच्या कडेने किंवा देठावरून, अर्ध्या बोटाची चीर द्या. मोकळ्या जागेवर चीर दिलीत तर ती कायम दिसत राहील.

३७. खडा असेल तर चीर जरा उघडून चिमट्याने काढा. हवाच असेल तर ही पायरी सोडा.

३८. सिरिंजमध्ये पातळ पेस्ट भरून चिरेतून एक-दोन थेंब आत सोडा. जास्त सोडलीत तर हवेचा फुगा जाऊन पेस्टचा येतो.

३९. फडकं गुंडाळलेलं कार्ड फुग्याच्या कडेकडून चिरेच्या दिशेने फिरवा, म्हणजे हवा आणि जास्तीची पेस्ट बाहेर येईल. चिरेपासून बाहेर ढकललीत तर ती आतच अडकते.

४०. चिरेच्या कडा बोटाने मिटवून स्पंजने टिपा.

दुखणं तिसरं: लोंबती खपली

४१. खपली तोडू नका. ती मूळ कागद आहे, मूळ रंगाची आहे, आणि तिच्याएवढं बेमालूम ठिगळ दुकानात मिळत नाही.

४२. खपलीच्या पाठीला ब्रशने पातळ पेस्ट लावा. भिंतीलाही किंचित.

४३. खपली वाळून आखडलेली असेल तर चार मिनिटं तशीच राहू द्या. कोरडी ओढून जागेवर आणायला गेलात तर मुळापासून फाटेल.

४४. जिथे ती अजून भिंतीला धरून आहे तिथून सुरुवात करून टोकाकडे बसवत न्या. टोक आधी चिकटवलं की मध्ये सुरकुती अडकते.

४५. फाटलेल्या कडा निरखून बघा. कागद फाटताना एका कडेवर पांढरा थर उघडा पडतो, तो दुसऱ्या कडेच्या खाली गेला पाहिजे, वर नव्हे. वर आला असेल तर पेस्ट ओली आहे तोवर उचलून पुन्हा बसवा.

४६. वरून ओलसर फडकं टेकवून दाबा आणि आजचं काम थांबवा. एमसीबी वर करा, चहा घ्या. सोफा जागेवर नेऊ नका.

दुसरा दिवस: ठिगळ

४७. दिवसाचा उजेड चांगला आला की एमसीबी पुन्हा खाली करा.

४८. वाळलेली पुट्टी पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासा. चांगल्या कागदावर घासकाम जाऊ देऊ नका.

४९. धूळ पुसून पुट्टीवर प्रायमरचा पातळ हात द्या. प्रायमर चुकवलात तर पुट्टी पेस्ट शोषून घेते आणि आठ दिवसांत ठिगळाच्या कडा उठतात.

५०. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ प्रायमर वाळू द्या.

५१. तोवर पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर टेपने लावून एका दमात कापायची तालीम करा. सगळे थर कापले जावेत आणि पुठ्ठ्यावर फक्त ओरखडा उठावा, एवढाच दाब हवा. हात बसेपर्यंत करा, वर्तमानपत्र भरपूर आहे.

५२. आता खुणेप्रमाणे खऱ्या कागदाचा तुकडा कापा. चारही बाजूंनी दोन बोटं जास्त आहेत ना, पुन्हा एकदा बघा. हा काप परत घेता येत नाही.

५३. पाठीवरचा बाण वर ठेवून तुकडा भोकावर धरा आणि नक्षी जुळवा. वेल जिथे भोकाच्या कडेला तुटते तिथपासून जुळवायला घ्या, मधल्या फुलापासून नको.

५४. वरच्या दोन कोपऱ्यांना टेप लावा.

५५. दोन पावलं मागे जा आणि बघा. मग एकदा डाव्या बाजूने बघा, एकदा उजव्या. केसभर सरकला असेल तर आत्ताच टेप उचलून दुरुस्त करा.

५६. खालच्या दोन कोपऱ्यांनाही टेप लावा. कापताना तुकडा हलला तर सगळी मेहनत पाण्यात.

५७. कापायची रेष पेन्सिलीने अगदी फिकट आखा, भोकाच्या बाहेरून आणि नक्षीच्या कडेकडेने. पानाच्या टोकावरून वळा, देठावरून खाली या, पाकळीची गोलाई घ्या. सरळ चौकोन कापायचा आळस करू नका, चौकोन डोळ्याला लांबूनही सापडतो. पट्ट्यापट्ट्यांचा कागद असेल तर मात्र पट्ट्याच्या कडेनेच फूटपट्टी लावून कापा.

५८. कटरचं टोक मोडून नवं काढा. हो, पुन्हा. बोथट पातं कागद कापत नाही, कुरतडतं.

५९. वरचा नवा आणि खालचा जुना, दोन्ही थर एका दमात कापा. पातं भिंतीला काटकोनात धरा, दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या मागे ठेवा. तेच ते दोनदा गिरवू नका. दुसरी रेष पहिलीवर कधीच नेमकी बसत नाही.

६०. टेप सोडवून ठिगळ सोडवा आणि वर्तमानपत्रावर सपाट ठेवा. भोवतीची चौकट टाकू नका, लहान चिरा बुजवायला कामी येते.

६१. ठिगळाची कापलेली पांढरी कड जवळच्या रंगाच्या पेन्सिलीने रंगवा. पेन्सिल पाठीकडून तिरपी धरा, म्हणजे दर्शनी भागावर रेघ येत नाही. स्केचपेन नको, पेस्ट लागली की शाई पसरते.

६२. भिंतीवर कापलेल्या रेषेच्या आतला जुना कागद ओला करा. वर व्हिनाइल असेल तर आधी त्याचं कातडं मधोमध चिरून सोला, त्याशिवाय पाणी आत जात नाही. रेषेच्या बाहेर थेंब गेला तर लगेच टिपा.

६३. दहा मिनिटांनी जुना कागद मधून सोलायला घ्या आणि कडेपाशी येऊन थांबा. कड सुटली नसेल तर ओढू नका, पातं पुन्हा एकदा त्याच रेषेतून हळूच फिरवून मोकळी करा.

६४. खालची जुनी पेस्ट ओल्या स्पंजने पुसा आणि जागा वाळू द्या.

६५. ठिगळ कोरडंच जागेवर बसवून बघा. कुठे दाटलं तर ठिगळाची कड केसभर तासा, भिंतीवरच्या कागदाला हात लावू नका.

६६. पेस्ट लावा. नॉन-वोव्हन असेल तर भिंतीला. कागदी पाठ असेल तर ठिगळाच्या पाठीला, आणि मग चार मिनिटं थांबा. असा कागद ओला झाला की फुगतो. त्याला काय फुगायचं ते भिंतीबाहेर फुगू द्या, आत जाऊन फुगला तर बुडबुडे येतात.

६७. ठिगळाची वरची कड आधी टेकवा, मग खाली सोडा. बोटांनी सरकवून नेमकं बसवायला तुमच्याकडे मिनिटभर आहे, घाई नको.

६८. फडक्याने मधून कडांकडे दाबा. कागदी ठिगळाची कड जराशी वर चढलेली दिसली तर कापू नका. वाळताना ते आखडून बसतं. आत्ता कापलंत तर उद्या फट दिसेल.

६९. कडेने आलेली पेस्ट ओलसर स्पंजने टिपा. प्रत्येक टिपणीला स्पंज पिळून घ्या.

७०. पंधरा मिनिटांनी रोलर कडांवरून एकदाच हलका फिरवा. जोर लावलात तर आतली सगळी पेस्ट बाहेर आणि कड कोरडी.

७१. एमसीबी वर करून २४ तास ठिगळाला हात लावू नका, पावसाळ्यात ४८ तास. पंखा मंद ठेवा. हेअर ड्रायरने लवकर उरकायला गेलात तर कडा झपाट्याने आखडतात आणि वर उठतात.

कागद एकरंगी असेल तर

नक्षीच्या आडोशाला लपता येत नाही, म्हणून व्हिनाइल नसलेल्या पातळ कागदाला पायरी ५२ पासून थोडी वेगळी वाट घ्या. ठिगळ कापू नका, वेडंवाकडं फाडा. आधी चिंधीवर फाडून बघा आणि ज्या दिशेने फाडल्यावर ठिगळाच्या दर्शनी कडेला पांढरं दिसत नाही, ती दिशा धरा. फाटलेली कड झिरझिरीत होते. जुना कागद न काढता भोकावर थेट चिकटवा, कडा बोटाने बाहेरच्या बाजूला पसरवत न्या. जाड किंवा व्हिनाइल कागदाला हे चालत नाही, तिथे काप हाच उपाय.

गडबड झालीच तर

- वाळल्यावर कडेला पांढरी रेघ दिसली: रंगीत पेन्सिलीचं टोक बोटावर घासून, त्या बोटाने रेघेवर टिपा. थेट रेघ ओढू नका.
- कड उठली: सिरिंजने एक थेंब, दोन मिनिटं बोट, मग स्पंज.
- नक्षी दोन-तीन मिलिमीटर हुकली: राहू द्या. उखडून पुन्हा लावण्याइतका कागद तुमच्याकडे नाही, आणि ते तुमच्याखेरीज कुणाला दिसतही नाही.
- ठिगळ अगदीच फसलं: तिथे फोटो लावा. पण खिळा नव्हे, भोकाची कथा तिथूनच सुरू झाली होती. फ्रेम ठिगळाच्या पुढे भिंतीला टेकवून ठेवा.

शेवटच्या तीन पायऱ्या

७२. उरलेल्या चिंध्या, कापाची चौकट आणि लेबल एका पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून भरा. घडी घालू नका. नळीवर खोलीचं नाव, लेबलवरचा बॅच नंबर आणि नक्षी किती सेंटिमीटरनंतर पुन्हा येते ते लिहा.

७३. नळीत डांबराची गोळी टाकून ती कपाटात कोरड्या जागी उभी ठेवा. माळ्यावर नको, तिथे ठेवलेलं हवं तेव्हा सापडत नाही.

७४. सोफा मागे सरकवताना भिंतीपासून चार बोटं अलीकडेच थांबा. त्याच्या मागच्या पायांमागे जमिनीवर लाकडाची पट्टी अडकवून द्या, म्हणजे बसणाऱ्याच्या वजनाने तो मागे जाणार नाही. मघाशी हातभर कागद होता म्हणून भागलं. आता नळीत वीतभरच उरलाय.